लवंगेचा कागद

वारा पडल्यावर भागामावशी पहिल्यांदा बोलली ती माझ्या पेटीबद्दल.

"तुझी ती पेटी भिजली का गो?"

"नाही," मी म्हटलं. "पलंगाखाली होती."

"बरं झालं. जपून ठेव."

मला वाटलं, धक्क्यानं तिला काय बोलावं ते सुचत नाहीये. कारण मागच्या पडवीत, तिच्यापासून हातभर अंतरावर, तिचे यजमान धाकूतात्या दाराला पाठ लावून बसले होते आणि ते गेलेले होते.

दुपारभर ती दोघं ते दार रेटून उभी होती. वादळाच्या पहिल्या तडाख्यातच कडी तुटली होती. दार उघडलं असतं तर वारा आत घुसून छप्पर उचलून घेऊन गेला असता. मी पुढच्या दाराला कपाट सरकवून त्याला पाठ लावून बसले होते. शेजारची घरं एकेक करून उघडी पडत होती, त्यांचे पत्रे गल्लीतून खणखणत जाताना ऐकू येत होते. मग वारा उतरला. तात्या म्हणाले, "गेला आता." आणि खाली बसले. मावशी चुलीत पाणी शिरलं का ते बघून परत आली, तर ते तसेच बसलेले, हात मांडीवर. तिनं त्यांच्या नाकाशी बोटं धरली. ओरडली नाही. त्यांचा एक पाय वाकडा झाला होता, तो तिनं सरळ केला, आणि मला पेटीचं विचारलं.

याला आता बरीच वर्षं झाली.

मी त्या घरात भाडेकरू होते. सारणे हे खाडीच्या तोंडावरचं मच्छीमारांचं गाव. मी मूळची लातूरकडची, बिराजदारांची, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. पण माझ्या पीएच.डी.चा विषय होता अन्न टिकवणारं वेष्टन, आणि ते बनत होतं कोळंबीच्या टरफलांपासून. बंदरावर कोळंबी सोलायच्या शेडमागे टरफलांचे ढीग पडत. मी ते गोळा करून, धुऊन, वाळवून तालुक्याच्या कॉलेजात न्यायची. तिथं त्यातून कायटोसान नावाचं द्रव्य काढायचं, त्यात केळीच्या सोपटाचे तंतू आणि लवंगेचं तेल मिसळून ताटांत ओतायचं, आणि सुकलं की पिवळसर, आरपार दिसणारा पातळ पापुद्रा सोलून घ्यायचा. मासा होडीतून उतरल्या उतरल्या त्यात गुंडाळून बघायला हवा होता, म्हणून मी बंदरावर खोली घेतली होती.

मावशीनं पहिल्यांदा तो पापुद्रा हातात घेतला तेव्हा उजेडाकडे धरून बघितला.

"पापड लाटलेस काय?"

"फिल्म आहे, मावशी. तुमच्याच टरफलांची."

"त्यांना कावळापण तोंड लावत नाय. आणि वास कसला येतोय? लवंग?"

"हो. मासा कुजवतात ते जंतू लवंगेनं मरतात, कायटोसाननंही मरतात. प्लास्टिक नुसतं झाकतं. हे झाकतं आणि राखतंही. वर फेकून दिलं तर मातीत मिसळून जातं."

तात्या जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे कोळंबी मेल्यावर सुरमईची राखण करते म्हण की."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी पुढे सेमिनारमध्ये वापरायचं ठरवलं होतं.

थोड्या दिवसांनी मी मासळी बाजारातल्या बायकांसमोर बर्फाची पेटी उघडली. एका बाजूला दहा दिवसांपूर्वी प्लास्टिकात गुंडाळलेले सुरमईचे तुकडे, दुसऱ्या बाजूला त्याच दिवशीचे, माझ्या फिल्ममधले. प्लास्टिकातला तुकडा मावशीनं नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. दुसरा बोटानं दाबला. मांस परत वर आलं. तिनं पुन्हा दाबला.

"सकाळी मारल्यासारखा हाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती माझी जाहिरात झाली. बाजारात जो भेटेल त्याला सांगायची, आमच्या पोरीच्या कागदात मासा मरत नाय. मी तिला दर वेळी थांबवायची. "मावशी, बर्फ लागतोच. बर्फाशिवाय हा कागद फार काही करत नाही." ती म्हणायची, "ते मी सांगते ना," आणि सांगायची नाही. तिला मूलबाळ एकच, संदेश. तो मुंबईला गोदीत होता. त्याच्याशी फोनवर बोलतानाही ती माझ्या कागदाबद्दलच बोलायची. मला ते आवडत होतं, खोटं का सांगू. घरी माझ्या आईला मी काय करते हे कळत नव्हतं, आणि कळलं तेव्हा तिनं माझ्यासाठी वेगळा तांब्या काढून ठेवला होता.

वादळाच्या त्या संध्याकाळी काशिरामनाना आले. नाना म्हणजे तात्यांचे चुलत भाऊ, गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या स्वतःच्या घराची एक भिंत पडली होती. ते तात्यांजवळ बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "भागा, संदेशला कळवायला हवं."

फोन बंद होते. टॉवर डोंगरावर आडवा झाला होता. बंदरावरच्या पोलीस चौकीत वायरलेस चालू होता, तिथून निरोप गेला. अंधार पडता पडता हवालदार स्वतः सांगायला आला, की मुलाला निरोप मिळाला आणि तो निघाला. त्यापुढे काहीच कळायला मार्ग नव्हता. घाटात झाडं पडलेली, खाडीवरचा पूल पाण्याखाली, एसटी बंद.

"येईल तो," मावशी म्हणाली. "बापाचं तोंड बघितल्याशिवाय तो ऱ्हायचा नाय. तो येईस्तोवर कोणी हात लावायचा नाय."

नानांनी माणसं पाठवून बर्फ आणवला. बर्फाच्या फॅक्टरीचं छप्पर उडालं होतं, वीज नव्हती. माशांच्या पेट्यांत जो उरला होता तो पोत्यांतून आला, भुशात माखलेला, माशांचा वास मारणारा. तात्यांना ओटीवर निजवून सगळीकडून तो लावला. मावशी रात्रभर त्यांच्या उशाशी बसून होती.

सकाळी ऊन पडलं. वादळानंतर असं ऊन पडतं हे मला माहीत नव्हतं. गावात एकाही झाडाला पान उरलं नव्हतं, त्यामुळे सावली कुठेच नव्हती. पोती सपाट होत गेली आणि ओटीवरून पाण्याचा ओघळ अंगणात उतरला. नाना सायकल घेऊन शेजारच्या बंदरावर जाऊन आले. तिथंही बर्फ नव्हता.

मी माझ्या खोलीत कपडे वाळत घालत होते. मावशी दारात येऊन उभी राहिली.

"रेवती, तुझा कागद किती हाय?"

तेव्हा मला समजलं की ती आदल्या दिवशी पेटीचं का विचारत होती. समजलं तरी मी विचारलं, "कशाला, मावशी?"

"सगळं अंग नाय झाकत. तोंडापुरता दे. संदेशला तोंड दिसू दे."

मी पलंगावर बसले. ती उभीच होती.

"मावशी, त्याचा उपयोग नाही होणार."

"माशाला होतो."

"तो बर्फात असतो. आणि त्याचं पोट आपण आधीच साफ केलेलं असतं. हा कागद बाहेरून येणारे जंतू अडवतो. माणसाचं..." ती वाट बघत होती. "माणसाचं आतून सुरू होतं."

"तोंडात काय असतं आत?"

हे तिनं वाद घालायला विचारलं नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. मला उत्तर येत होतं. मी आठ पानं लिहू शकले असते त्यावर.

"तात्यांना नाही टिकवता येणार मला," मी म्हटलं. "मी तुम्हाला फसवणार नाही."

"फसव म्हणतोय कोण? लाव म्हणते मी." मग खालच्या आवाजात, "तुझ्याकडे दुसरं काय हाय?"

दुसरं काही नव्हतं. मी पेटी ओढली. कॉलेजातल्या पुढच्या चाचणीसाठी ठेवलेले ताटाएवढे पापुद्रे त्यात होते, प्रत्येकामध्ये पातळ कागद घालून रचलेले. मी सगळे घेतले.

ओटीवर बायका बसल्या होत्या. त्यांनी मला वाट दिली. मावशीनं तात्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, मला मासा पुसताना बघितलं होतं तसं, आधी पुसायचं आणि मग गुंडाळायचं. मी एक पापुद्रा कपाळावर ठेवला. ओलाव्यानं तो लगेच मऊ पडून बसला. मग गालांवर, मग हनुवटीवर. आरपार दिसत होतं. दाढीचे पांढरे खुंट, भुवईवरचा जुना व्रण. माझे हात इतके सवयीचे झाले होते की कडा आपोआप दाबल्या जात होत्या, हवा राहू नये म्हणून. ओठांवर ठेवताना मात्र मी थांबले.

"ठेव," मावशी म्हणाली.

लवंगेचा वास ओटीभर पसरला. एक गोष्ट झाली, ती खरीच झाली. माशा उठल्या. आजूबाजूला घोंघावत राहिल्या, पण तोंडावर बसेनात. बायकांनी ते बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं.

"बघितलंस?" मावशी मला म्हणाली.

मला माहीत होतं की माशा वासानं दूर राहतात, आणि त्याचा बाकी कशाशी संबंध नाही.

दुपार चढत गेली. गल्लीत पावलं वाजली की सगळे मान वर करत. कुणी कौलं शोधत आलेला असे, कुणी पाणी. कडेला बसलेली एक बाई उठून गेली आणि परत आली नाही. मग आणखी एक गेली. पदर नाकाला लागले होते. मावशी पंख्यानं वारा घालत होती, त्याच लयीत, न थांबता. पापुद्र्याखाली कपाळाचा रंग बदलत होता. मी रोज फिल्मखालचा रंग बघूनच नोंदी घेत असे, त्यामुळे मला तो इतरांच्या आधी दिसला असावा.

नानांनी मला अंगणात बोलावलं. सोबत गावचे आणखी दोघं वडीलधारे होते.

"ताई, तुम्ही यातल्या शिकलेल्या," नाना म्हणाले. "आमचं ती ऐकत नाय. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा, संध्याकाळपर्यंत थांबता येईल काय?"

"मी मासळीवर काम करते, नाना."

"तेवढं तरी कोणाला येतं इथं?"

मी रस्त्याकडे बघितलं. कुणी येत नव्हतं. मला कुणीतरी मोठं तिथं असावं असं वाटत होतं. डॉक्टर, माझे सर, माझी आई, कुणीही. तिघं माझ्याकडे बघत उभे होते.

"नाही," मी म्हटलं. "थांबता येणार नाही."

"मग तेवढं तिला सांगा."

मी ओटीवर गेले आणि मावशीच्या शेजारी बसले. पंखा तिच्या हातातून घ्यायला गेले, तिनं दिला नाही.

"मावशी."

"आला काय तो?"

"नाही."

ती वारा घालत राहिली. मग तिनं स्वतःच तोंडाकडे वाकून नीट बघितलं, अगदी जवळून. पंखा खाली ठेवला.

"काढायचा हा, का ऱ्हाऊ दे?" तिनं पापुद्र्याला बोट लावून विचारलं.

"राहू दे."

"जळतो ना?"

"जळतो."

स्मशान खाडीच्या काठावर होतं. लाकडांची कमी नव्हती, सगळीकडे झाडंच पडली होती, पण सगळी ओली. नानांनी पडलेल्या घरांचे वासे आणवले, कुणी न मागता आपापल्या घरचे दिले. बायका सहसा तिथं जात नाहीत. त्या दिवशी मावशी निघाली, आणि तिला नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी तिच्याबरोबर गेले.

खाडी फुगून गढूळ झाली होती. तिच्यातून ओंडके, पत्रे, तुटलेल्या होड्यांच्या फळ्या समुद्राकडे चालल्या होत्या. पलीकडे नेणारी तरीची होडी काठावरच्या माडांत अडकून उलटी पडली होती. सारण्याची एकही होडी पाण्यात उरली नव्हती. पलीकडच्या काठावरही तसंच. तिथंही माणसं फिरत होती, काही उचलत होती. एक जण नुसता उभा होता. त्या दोन दिवसांत दोन्हीकडे असे बरेच जण नुसते उभे राहत. मी त्याच्याकडे खास लक्ष दिलं नाही.

सगळं रचून झालं. नानांनी झावळीची पेटती चूड हातात घेतली आणि ते थांबले. संदेशच्या जागी आपण उभे आहोत हे त्यांना जड जात होतं.

"भागा, अजून जरा..." ते म्हणाले.

मावशी खाडीकडे तोंड करून उभी होती. ती एकाएकी वळली.

"लाव," ती म्हणाली.

संदेश दुसऱ्या दिवशी आला. ओहोटीला पाणी उतरल्यावर पलीकडच्या कुणीतरी डबे बांधून तराफा केला होता, त्यावरून. पॅण्ट मांडीपर्यंत चिखलात माखलेली, एका पायात चप्पल नाही. अंगणात तो थांबला. मावशीनं त्याच्या पायावर पाणी घातलं. मग दोघं ओटीवर बसून रडली. मी खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

नंतर नानांच्या घरून पिठलं-भात आला तेव्हा तिनं मला हाक मारली. तो जेवत होता, मी समोर बसले. तिनं त्याला सांगितलं की मी कागद लावला, माशी बसली नाही, तोंड झोपल्यासारखं राहिलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "उपकार झाले, ताई."

मी माझ्या ताटाकडे बघत होते. मला काही तरी बोलायला हवं होतं.

"मीच थांबू नका म्हटलं," मी म्हणाले. "नानांना मीच सांगितलं. थोडं थांबलो असतो तर..."

"नाय," तो म्हणाला. "थांबला असतात तरी काय उपयोग नव्हता. मी काल दुपारीच पोचलो होतो."

"कुठे?"

"पलीकडे. काठावर. होडी नव्हती. बघितलं तर तुम्ही सगळी तिथं." त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "बाबांना ठेवलं तेव्हापासून बघत होतो."

मी मावशीकडे बघितलं. ती त्याच्या ताटात भात वाढत होती.

"मग हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. "ऐकू आली असती. खाडी काही एवढी मोठी नाही."

"मारली असती तर आये थांबली असती. पाणी रात्रीपर्यंत उतरणार नव्हतं. तेवढा वेळ बाबांना तसं उन्हात..." मग म्हणाला, "म्हटलं, लावू दे त्यांना. नाना हातात चूड घेऊन थांबले तेव्हा मात्र वाटलं, आता हाक मारावी. तोंड उघडलं होतं मी."

मावशीनं पातेलं खाली ठेवलं.

"दिसला होतास तू मला," ती म्हणाली.

तो बघत राहिला.

"एवढ्या लांबून?"

"तू उभा ऱ्हातोस तसा दुसरा कोण उभा ऱ्हातो?" ती म्हणाली. "तू हाक मारशील म्हणून तर मी नानाला घाईनं म्हटलं, लाव."

"का, आये?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. थोडी माझी समजूत काढल्यासारखी होती.

"दाखवण्यासारखं ऱ्हायलं नव्हतं बाळा," ती म्हणाली. "जेव तू."